पहिला नंबर बावडीचा

सलीमभाई, तुमचा जनाजा आपल्या दुकानांवरून गेला तेव्हा मी काठी टेकून पायरीवर उभी होते. बायकांनी पुढे जायचं नसतं, आणि गेले असते तरी माझ्या पायानं मला कब्रस्तानापर्यंत कुठे पोचवलं असतं. समोरच्या बबननं चहाचा स्टोव्ह बंद केला आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याला एवढं टक्कल पडलंय हे मला त्या दिवशी कळलं. हसू आलं मला. तुम्ही लोकांच्या खांद्यांवरून चालला होता आणि मी बबनच्या टकलाकडे बघून हसत होते, यावरून माझं काय झालं होतं ते तुम्हीच समजून घ्या.

सगळे पुढे गेल्यावर मी आत आले. हातात काठी होतीच. सवयीनं आपल्या मधल्या भिंतीवर ती दोनदा आपटली. पलीकडून काही वाजलं नाही. शटर बंद, तुम्ही नाही, वाजणार काय? पण इतक्या वर्षांत त्या भिंतीनं मला कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून थोडा वेळ थांबून पाहिलं.

आता लोक येऊन सांगतात, सलीम मेकॅनिक म्हणजे देवमाणूस होता. असाल बापा. माझ्याशी तर तुम्ही जन्मभर भांडलात. आणि तेही कशावरून, तर कुठल्या तरी परक्या मुलखातल्या पोरांनी बडवून काढलेल्या पाच कॅसेटींपैकी पहिला नंबर कोणाचा यावरून. तुम्ही म्हणायचे बावडीचा. मी म्हणायची जिनिंगचा. यंदाच्या दिवाळीच्या पाडव्याला निकाल लावायचा असं ठरलं होतं. पाडवा तोंडावर आला आणि तुम्ही निघून गेलात. हा काय प्रकार झाला? भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुमची रीत नव्हती.

दुसऱ्या कोणाला हे सांगायला बसलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो. साठीकडे झुकलेली तांड्यावरची बाई, पायात कॅलिपर, कपाळावर गोंदण, आणि ही म्हणे इंग्रजी धिंगाण्याच्या कॅसेटींना नंबर देते. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हीही ऐका. काही चुकलं तर टोकायला तुम्ही नाही, याचा पुरेपूर फायदा घेणार आहे मी.

पोलिओच्या पायामुळे मला सरकारकडून एसटीडी बूथ मिळाला आणि तो मी दिग्रसला कापसाच्या जिनिंग मिलांच्या रस्त्यावर टाकला. भाऊ सायकलीवर बसवून तांड्यावरून आणून सोडायचा. टेबल, लाल आकडे पळवणारं बिलाचं मशीन, आणि कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. त्या केबिनचं दार एका पावसाळ्यात जे फुगलं ते पुन्हा कधी धड लागलं नाही. शेजारी तुमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, आणि दोघांच्या मधे एकविटी भिंत. पहिल्याच आठवड्यात माझं गिऱ्हाईक केबिनमधे 'हॅलो, हॅलो' करून घसा फोडत होतं आणि भिंतीपलीकडून असा आवाज येत होता की जणू भांड्यांनी भरलेला ट्रक उलटून राहिलाय आणि उलटणं काही संपत नाही.

मी काठी घेऊन भांडायलाच आले. तुम्ही मान खाली घालून सोल्डरिंग करत होता. मान वर न करता विचारलंत, "आवाज मोठा हाय म्हणून म्हणता, का गाणं खराब हाय म्हणून? आवाज कमी करतो. गाणं खराब असन तं बसा, त्याच्यावर वाद करू."

"याले गाणं म्हणतेत? कोणाले तरी कापून राह्यले ना हे."

"बसा तं खरं, शोभाबाई. आंधी पुरं ऐका, मंग शिव्या द्या."

बसले. तिथेच चुकलं.

त्या कॅसेटी तुमच्या नव्हत्याच. यवतमाळच्या हॉस्टेलात शिकणारा एक पोरगा सुटीत गावी आला, टेप दुरुस्तीला टाकून गेला, सोबत कॅसेटींची पिशवी ठेवून गेला, आणि परत काही आला नाही. दुकानात टाकलेली वस्तू आपली होत नाही हा तुमचा नियम. त्याचा टेप तुम्ही फडक्यात बांधून शेवटपर्यंत माळ्यावर जपलात. कॅसेटी मात्र वाजत राहिल्या. "चालवून पाह्याले नको? टेप दुरुस्त झाला का नाई, कसं समजन?" असं तुम्ही म्हणायचे. आणि चालवून बघायचे तुमच्या स्वतःच्या टेपवर. इतकी वर्षं कोणी दुरुस्तीची खात्री केल्याचं मी तरी पाहिलं नाही.

कॅसेटींना कव्हर नव्हतं. त्या पोरानं पेनानं नुसतं 'मेटल' लिहून पुढे एक ते पाच आकडे घातले होते. आता मला वाटतं, बिचाऱ्यानं घेतल्या त्या क्रमानं आकडे टाकले असतील. तुम्ही मात्र ते गुण समजलात. याला पहिला आणि त्याला पाचवा नंबर देणारा हा कोण टिकोजीराव, म्हणून न पाहिलेल्या त्या पोरावर तुम्ही जो चिडलात, तो चिडलातच. त्याची पाच नंबरची कॅसेट तुम्ही उचलून पहिली केलीत. मी म्हटलं, माझा नंबर वेगळा आहे. संपलं. दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला जिनिंगवाले मशीनची पूजा करून हंगामाचा मुहूर्त करायचे, आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे आपण नंबरांचा मुहूर्त करायला लागलो. तुमच्या घरून रुक्साना भाभी यायच्या, दोघांना चिवडा द्यायच्या आणि "पागल हाय दोघंही" म्हणून घरी जायच्या.

इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, मला येत नव्हतं, म्हणून नावं आपणच ठेवली. पाचवा नंबर वकीलसाहेबांचा, यावर आपलं एकमत होतं. त्यात गाणारा बाबा वाद घातल्यासारखा बोलतच राहतो, बाकीच्यांना वाजवू देत नाही. चौथा रेडा. त्याचा आवाज रेड्याचा, पण मनानं भला असावा असं मला कायम वाटायचं. रेड्याला तिसरा द्या म्हणून मी एकदा दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्ही हटला नाहीत. तिसरं डफडं, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढोल, श्वास घ्यायला जागा नाही. पहिला आणि दुसरा कोण, तिथे आपली गाडी अडायची.

पहिल्या दिवशी ते सगळं ऐकून झाल्यावर मी काय म्हटलं होतं, आठवतं? म्हटलं, "हा तं ढावलो करून राह्यला." तुम्ही विचारलं, ढावलो म्हणजे काय. मग मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडे नवरी सासरी निघाली की गळ्यात पडून रडते, पण नुसती रडत नाही, सूर लावून रडते, त्याला ढावलो म्हणतात. आमच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या तरी आधी असंच रडून घेतात, मग ख्यालीखुशाली. कोणी चोरून रडत नाही. तुम्ही सोल्डरिंगची काडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मंग तुम्हाले ह्या कॅसेटी समजल्या, शोभाबाई. मले समजाले दोन वर्षं लागले." मला इतका आनंद झाला होता त्या बोलण्याचा! शाळेत मला कोणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. तुमची ती एकच आठवते.

आता भिंतीबद्दल.

काठीचा एक टोला म्हणजे गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही, आवाज कमी करा. हे आपलं सुरुवातीलाच ठरलं. दुसरा टोला नंतर आला. आमच्या तांड्यावरची एक बाई नवऱ्याला फोन लावायला आली होती, तो ऊसतोडीला गेलेला. बोलता बोलता ती रडायला लागली, आणि बबनच्या गाड्यावरचे सगळे चहाबहाद्दर माना वळवून केबिनकडे बघायला लागले. दार तर लागत नव्हतं. मला इतका राग आला की मी काठी भिंतीवर आपटली, एकदा, पुन्हा एकदा. तुम्ही बाहेर डोकावलात. केबिन पाहिली, त्या माना पाहिल्या, आत गेलात आणि डफडं लावून आवाज असा वाढवलात की बबनच्या बशा थडथडल्या. लोक तुम्हाला शिव्या घालायला लागले. केबिनकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. बाईनं पोटभर रडून घेतलं, डोळे पुसले, पैसे दिले आणि गेली.

तेव्हापासून दोन टोले म्हणजे वाढवा. तुम्ही कधी विचारलं नाही की आत कोण आहे. मी कधी सांगितलं नाही. कापसाची ती वाईट वर्षं लागली तसे दोन टोले वाढत गेले. आधी हंगामात फोन व्हायचे ते भाव विचारायला, पाव्हण्यांना बोलवायला. मग तेच लोक केबिनमधे शिरायचे, पाठ करायचे आणि रिसीव्हरवर हात धरून हळू बोलायचे. दलाल असो, हमाल असो, मास्तर असो, पाठ सगळ्यांची सारखीच दिसायची. बायांना रडायला निदान गळा मिळतो. बाप्यांना आख्ख्या दिग्रसमधे माझ्या केबिनशिवाय जागा नव्हती, आणि त्या जागेला दार तुम्ही लावलं, सलीमभाई. गाव तुम्हाला भैताड, येडा म्हणत होतं. बेकार गाणे लावून पोरं बिघडवतो म्हणून तुमची तक्रार झाली. तुम्ही हसून ऐकून घेतलंत, पण एकाही माणसाला खरं कारण सांगितलं नाहीत.

मी रागीट बाई आहे, आभार मानणं मला जमत नाही. तेव्हा मानले नाहीत म्हणून आज मानते. उपकार झाले तुमचे. माझ्यावर झाले आणि ज्यांना कधी कळलंच नाही त्यांच्यावरही झाले.

जिनिंगला पहिला नंबर मी का देत होते, तेही आज नीट सांगते. हंगाम सुरू झाला की रस्त्यावरच्या सगळ्या जिनिंगा एकदम चालायच्या आणि आपला करंट पडायचा. बल्ब पिवळे, पंखा सुस्त. तुमच्या टेपची मोटर जुनी, तीही सुस्त. मग ती कॅसेट अशी जड वाजायची, इतकी संथ आणि भारी, की छातीत हादरे बसायचे, आणि बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली असायची. मशीन बाहेर चालतंय की टेपमधे, कळायचं नाही. म्हणून तिचं नाव जिनिंग. उन्हाळ्यात तीच कॅसेट पूर्ण करंटवर वाजली की पोरकट वाटायची, घाईघाईत काहीतरी सांगून पळून जाणारी. तुम्ही म्हणायचे, "जे चार महिने पयलं अन् आठ महिने तिसरं, ते पयलं कसं जी?" मी म्हणायची, आंबाही दोन महिनेच असतो.

मग एक पाडवा आला. त्या वर्षी जिनिंगांचा मुहूर्त झाला नाही. आपण चिवडा घेऊन बसलो, तुम्ही जिनिंग लावली, आणि ती भराभरा पळायला लागली, उन्हाळ्यासारखी.

"काहून अशी वाजून राह्यली?" मी विचारलं.

तुम्ही बल्बकडे पाहिलं. पांढराशुभ्र जळत होता. "करंट पूर्ण हाय, शोभाबाई," तुम्ही म्हणालात. मग दोघांनीही रस्त्याकडे पाहिलं. एक बंडी नव्हती. बल्ब चांगला जळतोय म्हणून वाईट वाटायची ती माझी पहिलीच वेळ.

त्याच दुपारी गणपत मिस्त्री आले. समोरच्या जिनिंगचे जुने फिटर. सगळा रस्ता त्यांना रामराम करायचा आणि ते नुसती मान हलवायचे, इतका त्यांचा रुबाब. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. त्यांनी मारेगावला लेकीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, लेकीला बोलावून घ्यायला सांगितलं आणि थांबले. मी त्यांची पाठ पाहिली आणि न विचारता भिंतीवर दोन टोले दिले. तुम्ही आवाज वाढवलात. टेपमधे तुमची बावडी होती.

बावडीबद्दल तुम्ही मला आधी कितीदा सांगितलं होतं! "बाकीचे सारे वरडतेत जी. वरडता कोणालेही येते. यानं मधातच सारं बंद केलं. एकटी गिटार वाजते, बावडीच्या तळाशी कोणी बसून वाजवून राह्यलं असं. मंग एक माणूस हळूच गाते. तेवढ्यासाठी याचा पयला नंबर." मी म्हणायची, बरं बरं, ऐकू कधी. माझं सगळं ऐकणं भिंतीतून, अर्धा कान गिऱ्हाइकाकडे. मशीनचे आकडे बघू का तुमची बावडी ऐकू?

त्या दुपारी ती शांत जागा आली. सगळं वाजायचं थांबलं. आणि आख्ख्या रस्त्याला गणपत मिस्त्रींचा आवाज ऐकू आला. "नोको येऊ बाई. यंदा नोको येऊ. मिल सुरू नाई झाली. जावईबापूले सांग, बाबा गावाले गेलते म्हणून. सुरू झाली का मीच येतो तुले घ्याले." आणि पुढे शब्द नव्हते. त्या माणसाचा हुंदका असा होता की बबननं चहा गाळता गाळता हात थांबवला. कोणी मान वळवली नाही या वेळी. सगळ्यांनी खाली पाहिलं, आणि ते जास्त वाईट दिसत होतं.

मिस्त्री बाहेर आले, पैसे ठेवले आणि रस्त्याच्या मधून सरळ चालत गेले. नंतर माझ्या बूथवर ते कधी चढले नाहीत. बोरी अरबला बहिणीकडे गेले की तिथून लेकीला फोन करायचे म्हणे.

यात चूक कोणाची म्हणायची? टोले मी दिले, आवाज तुम्ही वाढवला, दोघांनीही जे करायचं तेच केलं. पण शुक्रवारी नमाजनंतर तुम्ही दुकान उघडलं नाहीत. अर्धं शटर खाली होतं. आतून तुमच्या लेकीचा, नाझनीनचा आवाज येत होता, ती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "शोभाबाई, बावडीचं भोक बुजवलं."

मला समजलं नाही. तुम्ही सांगितलंत. कॅसेटच्या कडेच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होतं, आणि त्या शांत जागेवर डफड्याचा तुकडा भरून टाकला. आता कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत गच्च. "आता कोणाचा आवाज बाहेर नाई जात," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, बरं केलं. एवढंच म्हटलं, कारण तेव्हा मशीनवर आकडे पळत होते आणि मला वाटलं, तुम्ही दुरुस्ती केली, नेहमीसारखी.

मग पुढच्या पाडव्याला मी तुमची खोडी काढली. "आता तं तुमच्या बावडीत मुरूम भरला. मधातच कोठूनही डफडं घुसते. आता तरी जिनिंगले पयला नंबर द्या."

"नाई," तुम्ही म्हणालात. "बावडीच पयली."

"अहो, ज्यासाठी देत होते ते राह्यलं कोठं?"

"माह्या डोक्यात हाय ना. तुम्ही ऐकलीच नाई, तुम्हाले काय सांगू?"

ते खरं होतं. जिच्यावरून मी वर्षानुवर्षं तुमच्याशी भांडले ती कॅसेट मी कधी ऐकलीच नव्हती. ती शांत जागा माझ्या कानासमोर एकदाच आली, आणि तेव्हा मी गणपत मिस्त्रींना ऐकत होते. तुमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. नाव माहीत नव्हतं, मागवणार तरी काय म्हणून? तरी दर पाडव्याला तुम्ही बावडी म्हणत राहिलात, मी जिनिंग म्हणत राहिले, आणि चिवडा संपत राहिला.

मग मोबाइल आले. बूथ बसला. लोक आपापल्या खिशात फोन घेऊन रडायला शेतात, संडासात, कुठे कुठे जायला लागले. मी झेरॉक्सचं मशीन टाकलं, तुम्ही मोबाइल दुरुस्ती शिकलात. केबिन मोडली नाही मी, तिच्यात कागदाचे गठ्ठे ठेवते. टोले तेवढे राहिले. एक म्हणजे चहा सांगा, दोन म्हणजे कंटाळा आला, काहीतरी लावा.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्या दारात आलात. पोरासारखे हसत होता. नाझनीननं पुण्याहून काहीतरी पाठवलं होतं. तिच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कोणाच्या कानातल्या वायरीतून झिरपणारं गाणं तिनं ओळखलं आणि त्याचा हातच धरला म्हणे. बावडी सापडली होती. तिचं खरं नाव काय, तेही कळलं होतं, पण तुम्ही ते मला सांगितलं नाही. "बावडीच म्हना," म्हणालात.

"ऐकली का मंग?"

"मधातल्या जाग्यापर्यंत ऐकली. मंग बंद केली. ते तुमच्यासंग ऐकाचं हाय. पाडव्याले. तुम्ही ऐका, मंग नंबर द्या. जो द्यान तो मले मंजूर."

मी म्हटलं, आताच लावा ना. तुम्ही म्हणालात, "मुहूर्त असते, शोभाबाई." पुढे पावसाळाभर मला रोज चिडवत होता, पाडवा येऊन राह्यला, हार मानाची तयारी ठेवा. मी म्हणत होते, तुमचीच बावडी, तुमचीच उडी. मग त्या सकाळी तुम्ही चहाचा कप हातात घेऊन स्टुलावर बसलात आणि कलंडलात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. बरं झालं. तुम्हाला त्रास होतोय हे मला भिंतीतून कळलं असतं.

काल नाझनीन माझ्याकडे आली. तिची रात्रीची गाडी होती पुण्याची, पाडव्यापर्यंत थांबता येत नव्हतं तिला. तुमचं शटर उघडलं, मला हात धरून तुमच्या दुकानात नेलं आणि तुमच्या स्टुलावर बसवलं. तुमच्या बाजूनं भिंत मी पहिल्यांदाच नीट पाहिली. माझ्या टोल्यांनी तुमच्याकडचा गिलावा पार पडून गेलाय, वीट उघडी झालीय. कधी बोलला नाहीत.

तिनं मला त्या शुक्रवारचं सांगितलं. तुम्ही अर्धं शटर पाडून तिला जवळ बसवलंत आणि ती शांत जागा लावलीत. संपली की मागे घेतलीत, पुन्हा लावलीत. असं किती वेळ चाललं. तिला म्हणालात, "ऐकून घे बेटा, ध्यानात ठेव. मंग नाई भेटणार." मग बोळा कोंबलात आणि बटण दाबलंत. ती म्हणाली, "अब्बू रडले नाहीत, आंटी. पण बटण दाबल्यावर त्यांनी बोट उचललंच नाही बराच वेळ."

मी काय म्हटलं होतं तेव्हा? बरं केलं. सलीमभाई, मी बोलले ते खरंच होतं, बरंच केलंत. फक्त केवढं केलंत, हे मला काल कळलं.

नाझनीननं मोबाइल तुमच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि बावडी लावली. बबनची गिऱ्हाइकं माना वळवायला लागली, पूर्वीसारखी. चांगली आहे हो. सुरुवात तर फारच चांगली. खरं सांगते, जिनिंगच्या जवळपास आहे. आणि मग सगळं थांबलं.

एकटी गिटार. खोल कुठेतरी, ओल्या जागेतून येणारी. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं. मग तो माणूस हळूच गायला लागला. काय म्हणत होता देव जाणे. मला एवढंच ऐकू येत होतं की याच्यात कुठेच लपायला जागा नाही, आणि ही जागा तुम्ही आमच्यासाठी देऊन टाकली होती.

मी रडले, सलीमभाई. डोळ्याला पदर लावून नाही. आमच्या तांड्यावर रडतात तशी, सूर लावून, तुमचं नाव घेऊन, ढावलोच केला. नाझनीन घाबरून आवाज वाढवायला स्पीकरकडे हात न्यायला लागली. लहानपणी तिनं तुम्हाला तेच करताना पाहिलंय ना. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे.

दार उघडं होतं. आख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं.

पहिला नंबर बावडीचा.